गुलमोहराचा नंबर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे मोहाचं झाड उभं आहे, ते सरकारी दप्तरात गुलमोहर आहे. बुंध्यावर नंबर आहे, नंबराखाली चौकोनी कोड चिकटवलेला आहे आणि त्यावर मोबाईल धरला की पडद्यावर लालभडक फुलांचा फोटो येतो. दमणगंगेच्या काठावर सकाळी फिरायला जाणारे लोक वाटेत थांबून तो फोटो बघतात, मग वर झाडाकडे बघतात आणि पुढे जातात. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. हे सगळं सुकदेवमुळे झालं, म्हणून आधी सुकदेवबद्दल सांगावं लागेल.

सुकदेव आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या समोरच्या चाळीत राहतो. मूळचा जंगलपट्टीतल्या सुरंगी गावचा. मुलगा वाल्मिक गलोंड्याला प्लास्टिकच्या कारखान्यात लागला, त्यानं सिल्वासात खोली घेतली आणि आईबापांना इकडे आणलं. सुकदेवची सगळी नोकरी जंगलखात्यात गेली आणि त्या नोकरीत त्यानं एकच काम केलं. तो झाडांना छाप मारायचा. तोडीसाठी जंगलाचा जो तुकडा आखतात त्याला कूप म्हणतात. त्या कूपात साहेब पुढे चालायचे आणि बोट दाखवायचे. मागून सुकदेव कुऱ्हाडीनं बुंध्याची साल चौकोनी सोलायचा, छापाचा हातोडा मारायचा आणि ब्रशानं नंबर घालायचा. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी मुळाशी. वरचा नंबर लाकडाबरोबर डेपोत जायचा, खालचा खुंटावर राहायचा. म्हणजे झाड गेलं तरी ते कायद्यानं गेलं याचा पुरावा जागेवर राहायचा.

इथल्या सागाची लाकडं पोर्तुगीजांच्या काळात दमणला जहाजं बांधायला जात, असं जुनी माणसं सांगतात. सुकदेवला जहाजांचं काही नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की त्याच्या हातचा आकडा पावसात धुऊन गेला नाही आणि त्याच्या इंग्रजी आठाचं पोट कधी चपटं झालं नाही. निवृत्त झाला तेव्हा खात्यानं त्याला शाल आणि नारळ दिला. हातोडा परत घेतला. ब्रश मागायचं कोणाला सुचलं नाही, तो त्याच्याकडे राहिला.

आता मोहाचं झाड. ते आमच्या क्वार्टर्सच्या आधीपासून आहे, चाळीच्या आधीपासून आहे, बहुतेक सिल्वासाला सिल्वासा म्हणण्यासारखं काही असण्याच्या आधीपासून आहे. मला ते आवडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. मी चिपळूणचा, इथल्या शाळेत मास्तर. आमच्याकडे झाडानं नारळ द्यावा, फणस द्यावा, निदान सावली देऊन गप्प बसावं अशी अपेक्षा असते. हे झाड होळीच्या सुमाराला रसाळ फुलं टाकतं, ती माझ्या स्कूटरवर पडून चिकटतात आणि त्यांचा आंबूस वास घरात भरतो. संध्याकाळी वटवाघळं येतात. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शाळेच्या शर्टांशी त्यांचं काय वैर आहे मला कळलेलं नाही. फांद्या छाटाव्यात म्हणून मी दोन अर्ज दिले. उत्तर आलं नाही, त्यामुळे झाड आणि मी दोघंही तसेच राहिलो.

सुकदेवची बायको कोंडाबाई या झाडासाठी सिल्वासात टिकली आहे. इथे आली तेव्हा तिला खोली आवडली नव्हती, नळाचं पाणी आवडलं नव्हतं, शेजारीण आवडली नव्हती. पहिल्याच आठवड्यात भाजी आणायला निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी झाड बघून थांबली. भाजी न घेता घरी आली आणि वाल्मिकला म्हणाली की ठीक आहे, राहीन. तेव्हापासून दर वर्षी फुलं पडायच्या दिवसांत ती उजाडायला टोपली घेऊन झाडाखाली बसलेली असते. वेचते, वाळवते, भाकरीत घालते, शेजारपाजारी वाटते. मलाही देते. मी घेतो आणि कपाटात ठेवतो.

त्यांच्या घरात एक रीत आहे. नव्या फुलांची पहिली मूठ देवापुढे ठेवायची, मग ती घरधन्याच्या हातावर द्यायची आणि त्यानं खाल्ली की बाकीच्यांनी खायची. कोंडाबाईच्या घरात ती मूठ वाल्मिकच्या हातावर पडते. वाल्मिक अंगणात रांगायचा तेव्हापासून त्याच्याच हातावर पडते. सुकदेव बाजूला बसलेला असतो. त्याला बाकीच्यांबरोबर मिळतात.

याचं कारण सुकदेवनंच मला एकदा चहा पिताना सांगितलं, आणि पावसाचं सांगावं तसं सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं. जंगलातून नवा रस्ता जायचा होता, त्याच्या आखणीत कोंडाबाईच्या माहेरच्या शेताच्या बांधावरचं मोहाचं झाड आलं. साहेबांनी बोट दाखवलं. सुकदेवनं साल सोलली, हातोडा मारला, नंबर घातला. तिथे सासू उभी होती, बायकोही उभी होती. त्यानं त्यांना सांगितलं की फक्त गणना आहे, कारण साहेबांनी त्याला तसंच सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात झाड गेलं. कोंडाबाई त्या हंगामात त्याच्याशी बोलली नाही, नंतर बोलायला लागली, संसार झाला, पोरं झाली. फक्त पहिली मूठ त्याला द्यायची राहिली ती राहिलीच. मी विचारलं, तू कधी मागितली नाहीस? तो म्हणाला, ती मागायची चीज नाय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात जागोजागी फलक लागले. हिरवं शहर, राहण्याजोगं शहर. गावाच्या कडेनं कारखान्यांची रांग आहे आणि त्या रांगेपलीकडे जंगल आहे, तेव्हा मधल्या गावानंही थोडं हिरवं असावं हे योग्यच होतं. बागा झाल्या, नदीकाठी चालायची वाट झाली आणि मग गावातलं प्रत्येक झाड मोजायचं ठरलं. काम एका कंत्राटी संस्थेला मिळालं. त्या संस्थेकडून केतकी नावाची मुलगी आली, मुंबईकडची, वनस्पतिशास्त्र शिकलेली, पायात बूट आणि डोक्यावर टोपी. खिळे ठोकायचे नाहीत असा नियम होता, म्हणून नंबर रंगानं घालायचे होते. नंबर घालायला माणूस हवा होता. चाळीतल्या कोणीतरी सुकदेवचं नाव सांगितलं. तो घरातून ब्रश घेऊन आला.

केतकी बुंध्याला टेप लावायची, मोबाईलमध्ये नोंद करायची, सुकदेव नंबर घालायचा आणि ती त्याखाली कोड चिकटवायची. ती त्याला काका म्हणायची, तो तिला केतकीबेन म्हणायचा. तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही गणना आहे. सुकदेवनं मान डोलावली. गणना म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. त्यानं काही विचारलं नाही, नोकरीत कधीच विचारलं नव्हतं. रोज संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला सांगायचा की आज दवाखान्याजवळचा निंब गेला, आज शाळेपुढचे दोन शिरीष गेले. कोंडाबाई ऐकून घ्यायची आणि सकाळी नळावर सांगायची.

त्याचा परिणाम असा झाला की चाळीतल्या बायकांनी सरपणाची वाटणी सुरू केली. झाडं जाणारच आहेत, तर फांद्या कोणाच्या हे आधी ठरलेलं बरं. सुरंगीकडे रीत अशी की ज्या लाकडावर आपला हक्क सांगायचा त्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची. पंधरवड्यात अर्ध्या सिल्वासातल्या झाडांना चिंध्या बांधलेल्या दिसू लागल्या. माझ्या खिडकीसमोरच्या बदामाला तीन होत्या, म्हणजे तिथे भांडण होणार होतं. केतकीच्या साहेबांनी त्याचे फोटो काढले. पुढे संस्थेनं जे चकचकीत पुस्तक छापलं त्यात ते फोटो आहेत आणि खाली लिहिलं आहे, नागरिकांचं वृक्षप्रेम. मला हसू आलं, पण शाळेत ते पुस्तक वाटायचं काम माझ्याकडेच होतं.

मी सुकदेवला समजावलं. म्हटलं, अरे, हे नंबर झाडं वाचवायला आहेत. ज्याला नंबर त्याला हात लावायचा नाही, असा हा कारभार आहे. तो अदबीनं हसला. मास्तर, म्हणाला, तुम्ही शाळेतले. मला राग आला. मी त्याच्यापेक्षा जास्त वर्तमानपत्रं वाचतो. पण त्यानं जितकी झाडं पडताना पाहिली होती तितकी मी उभी असलेलीही पाहिली नव्हती, तेव्हा मी वाद सोडला.

आमच्या गल्लीची पाळी आली त्या दिवशी केतकीला ताप होता. तिनं फोनवर सांगितलं की काका, तुम्ही नंबर घालत जा, मी बरी झाले की नंबर बघत बघत फोटो आणि माप घेईन. सुकदेवनं कोपऱ्यावरच्या गुलमोहरापासून सुरुवात केली. गुलमोहर, मग बदाम, मग क्वार्टर्सच्या कुंपणाचे अशोक. शेवटी गल्लीच्या तोंडाशी आला. मी स्कूटर काढत होतो. तो मोहासमोर रंगाचा डबा घेऊन उभा राहिला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि घरी गेला. मी पाहिलं, पण शाळेला उशीर होत होता. शिवाय हे झाड जाणारच नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे नंबर असला काय आणि नसला काय, असं मला वाटलं. केतकी बरी झाल्यावर आली, नंबर बघत बघत गेली आणि गल्लीचं काम संपलं.

त्या संध्याकाळी सुकदेवनं बायकोला सांगितलं की गल्लीतली सगळी गेली, एक सोडून. कोंडाबाईनं त्याला ताटात दुसरी भाकरी वाढली. हे मला त्यानंच सांगितलं, आणि हे सांगताना तो पावसाचं सांगावं तसं सांगत नव्हता.

पावसाळा झाला. सोसाट्याच्या एका दुपारी कोपऱ्यावरचा गुलमोहर मुळापाशी मोडून आडवा झाला, नंबरासकट. सरपणावरून भांडण झालं आणि मिटलं. झाडं तोडायला मात्र कोणीच येईना. सुकदेव म्हणाला की सरकारी काम आहे, येतील. पुढे थंडीत खरंच आले. फुटपाथ आणि गटाराचं काम निघालं होतं. पिवळी जेसीबी बाजारापासून निघाली आणि एकेक गल्ली करत आमच्याकडे सरकू लागली. सुकदेव मफलर बांधून बघायला गेला. संपल्या कामाचा शेवट बघायला जावं, तसा गेला.

तो तिथे दिवसभर बसला. जेसीबी झुडपं उपटत होती, जुनी कुंपणं पाडत होती, वाटेत आलेली सुबाभळ तिनं एका धक्क्यात काढली. मग नंबर घातलेला शिरीष आला. जेसीबी थांबली, मुकादमानं फीत धरली आणि फुटपाथ झाडाला वळसा घालून गेला. पुढचा निंबही तसाच राहिला. सुकदेवनं उठून मुकादमाला विचारलं. मुकादम बिहारकडचा होता. तो म्हणाला, "नंबरवाला छोड़ना है, बाकी सब साफ।"

सुकदेव माझ्या दारात आला तेव्हा मी वह्या तपासत होतो. त्याचा चेहरा उतरला होता. तो आत आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "सगळा उलटा झालाय. मी त्याला वाचवला आन तोच एकटा जानार."

मी तुला सांगितलं होतं, असं मला म्हणता आलं असतं. मी वही मिटली. खरं सांगायचं तर मोह जावा असं मलाही वाटेना, आणि ते झाड मला आवडत नाही हे मी वर सांगितलंच आहे. मुकादम परवा आमच्या गल्लीत येणार होता. मी केतकीला फोन लावला.

केतकी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिला सगळं सांगितलं. ती आधी सुकदेवकडे बघत राहिली, मग झाडाकडे. रागावली नाही. म्हणाली की गणना बंद झाली आहे, यादी वर गेली आहे, नवा नंबर आता पुढच्या वर्षीच निघेल. मुकादमाला तोंडी सांगून तो ऐकणार नाही, त्याला नंबर दिसला पाहिजे. मनाला येईल तो आकडा घातला तर मोबाईलवर निघणार नाही. मग ती चालत कोपऱ्यावर गेली. तिथे गुलमोहराचा खुंट होता. गुलमोहर पडला होता, पण पडल्याचं कोणी कळवलं नव्हतं, त्यामुळे यादीत तो उभाच होता आणि त्याचा नंबर रिकामा होता. गल्लीही तीच होती. तो नंबर मोहाला घाला, ती म्हणाली, यादीतली झाडाची जात मी पुढच्या वर्षी दुरुस्त करून घेईन. दोन वर्षं झाली, ती जात अजून दुरुस्त व्हायची आहे.

सुकदेव डबा आणि ब्रश घेऊन आला. झाडापाशी कोंडाबाई उभी होती. तिला चाळीतून कळलं होतं, पण कळलं होतं ते एवढंच, की सुकदेव मोहाला नंबर घालायला निघाला आहे. ती झाडाला पाठ लावून उभी होती आणि हात मागे नेऊन तिनं बुंधा धरला होता. तिच्या हातात तो मावत नव्हता.

सुकदेवनं तिला सांगितलं की नंबर घातला तर झाड राहील. केतकीनंही सांगितलं. मी तर शाळेत सांगतो तसं सावकाश सांगितलं. कोंडाबाईनं आम्हा दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"माझे आयशीला बी तू हाच सांगलास," ती म्हणाली. "गणना हाय म्हनून. एकदा घातलास. आता दुसऱ्यांदा नाय."

सुकदेवनं डबा खाली ठेवला. केतकीला काही कळत नव्हतं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. पलीकडच्या गल्लीत जेसीबीचा आवाज येत होता.

मग सुकदेव खाली बघत बोलला. तो म्हणाला की हा नंबर ह्या झाडाचा नाही. हा कोपऱ्यावरच्या गुलमोहराचा आहे, मीच घातला होता.

कोंडाबाईनं विचारलं, "तो पडला ना?"

"पडला."

"पुरा मेला?"

सुकदेव म्हणाला, पुरा. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिनं झाड सोडलं, आम्हाला तिथेच उभं ठेवलं आणि ती कोपऱ्यावर गेली. खुंटाशी उकिडवी बसली. खुंटाचं लाकूड नखानं खरवडून पाहिलं, मुळाशी कुठे फुटवा आहे का ते माती उकरून पाहिलं. फुटवा नव्हता. मग परत आली, पदराला हात पुसले.

"जंगलात एक नंबर दोन झाडांला घालतात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

सुकदेव म्हणाला की नाही. एक नंबर एकाच झाडाचा. झाड गेलं की तो नंबर संपला, परत कधी निघत नाही.

"मंग घाल," कोंडाबाई म्हणाली. "ह्या नंबरानं त्याचा झाड खाल्लाय. त्याचा पोट भरलाय."

ती बाजूला झाली. सुकदेवनं ब्रश बुडवला. साल सोलली नाही, वरच्यावरच घातला. आठाचं पोट या वेळी चपटं झालं. मुळाशी घालायचा दुसरा नंबर त्यानं घातला नाही आणि केतकीनं मागितलाही नाही, तिनं नंबराखाली गुलमोहराचा कोड चिकटवला. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, त्यानं नंबर पाहिला, मोबाईल धरला, पडद्यावरची लाल फुलं पाहिली आणि फीत धरली. फुटपाथ वळसा घालून गेला. वळसा माझ्या स्कूटरच्या जागेवरून गेला, त्यामुळे मी आता स्कूटर लांब लावतो. शर्टांचं जे व्हायचं ते होतंच आहे.

त्या वर्षी फुलं जरा उशिरा पडली. मी दूध घेऊन येत होतो. कोंडाबाई झाडाखाली वेचत होती आणि सुकदेव नव्या फुटपाथच्या कडेला नेहमीसारखा बाजूला बसला होता. तिची पहिली मूठ भरली. तिनं ती बुंध्यापाशी टेकवली, नंबराच्या जरा खाली, आणि डोळे मिटले. वाल्मिक रात्रपाळीहून नुकताच आला होता. तो सवयीनं हात पुढे करून तिच्याजवळ गेला. कोंडाबाई त्याच्या बाजूनं पुढे आली आणि तिनं ती मूठ सुकदेवच्या पुढ्यात धरली.

सुकदेवला हात कसा धरायचा ते पटकन सुचलं नाही. त्यानं आधी तो धोतराला पुसला.

"खा," ती म्हणाली. "आमी थांबलोय."

मी घरी आलो, दूध गॅसवर ठेवलं आणि कपाटातली गेल्या वर्षीची पुडी काढली. फुलं वाळून काळी झाली होती. मी दोन खाल्ली. गोड होती.